कुलूप नसलेली वही

मागच्या दिवाळीत माझ्या नागपूरच्या भाचीने रंगवायच्या चित्रांची एक वही तयार केली. २४ चित्रे, सगळी तिच्या हातची. पीडीएफ करून ती तिने इंटरनेटवर १०० रुपयांना विकायला ठेवली. पहिल्याच आठवड्यात ११ प्रती खपल्या. बारावी मी दिल्लीत बसून घेतली आणि कौतुकाच्या भरात नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिली. 'बघा, आपल्या पोरीची कमाल!'

चार दिवसांनी तिचा फोन आला. "मावशी, आता कुणी विकतच घेत नाही गं. माझ्या क्लासमधल्या मुलांकडेसुद्धा वही आधीच पोहोचलीय."

तिने मला बोल लावला नाही, म्हणून जास्तच लागले. पत्रकारितेच्या पदविकेत कॉपीराइटचा धडा घोकलेली मी, घरातच चोर निघाले होते.

"वहीला कुलूप घालू का?" तिने विचारले. म्हणजे घेणाऱ्याच्याच यंत्रावर उघडेल, नक्कल होणार नाही, अशी सोय.

मला माझी गाणी आठवली. काही वर्षांपूर्वी मी अशीच कुलूपबंद गाणी विकत घेतली होती. मी संगणक बदलला, विकणाऱ्याने ती सेवाच बंद केली आणि पैसे मोजून घेतलेली गाणी मुकी झाली. ज्यांनी फुकट नकला मिळवल्या होत्या, त्यांच्या घरी ती मजेत वाजत होती. कुलूप एकाने फोडले की उघडी प्रत गावभर फिरते. अडकते ते प्रामाणिक गिऱ्हाईक.

इंग्लंडच्या रेडिओहेड या बँडने १० ऑक्टोबर २००७ रोजी 'इन रेनबोज' हा अल्बम आपल्या वेबसाइटवर कुलपाशिवाय ठेवला आणि किंमत श्रोत्यांवर सोडली. काहींनी फुकट घेतला, काहींनी आपणहून पैसे दिले. पुढे सीडी दुकानात आली तेव्हा जानेवारी २००८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे ती खपात पहिली ठरली.

अर्थात त्यांचे नाव आधीच मोठे होते. पण २००८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या बँडकॅम्पवर फारसे नाव नसलेले कलावंतही कुलपाशिवाय गाणी विकतात. करोनामुळे कार्यक्रम बंद पडले, तेव्हा २० मार्च २०२० रोजी या कंपनीने एक दिवस आपला वाटा सोडला. त्या दिवशी रसिकांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली. नक्कल करणे तेव्हाही सोपेच होते.

हे सगळे मी भाचीला सांगितले. ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण तुझ्यासारख्यांचं काय करू?"

उत्तर मलाच द्यायचे होते. मी ग्रुपवर लिहिले, 'वही मी तिला न विचारता पाठवली, चूक माझी आहे. आवडली असेल त्यांनी तिला १०० रुपये पाठवावेत.' ग्रुपमध्ये आम्ही ३४ जण. रात्रीपर्यंत ९ जणांनी पैसे पाठवले. बाकीचे गप्प राहिले.

वहीला कुलूप लागले नाही. पहिल्या पानावर तिने फक्त एक ओळ घातली आहे, 'ही चित्रे मी काढली आहेत. आवडली तर मैत्रिणीला वही नको, माझा पत्ता द्या.'

तिची दुसरी वही आता तयार होते आहे. पहिले गिऱ्हाईक मीच असेन. ग्रुपवर मात्र या वेळी फक्त पत्ताच जाईल.