जोड्या लावताना

इंग्रजी संभाषणाच्या वर्गात सर ‘जोड्या करा’ म्हणाले की आम्हा मोठ्यांचे चेहरे पडतात. आमच्या लासुर्णे गावात तर हे प्रकरण फारच अवघड. गिरणीवर रोज भेटणाऱ्या वहिनींना ‘व्हॉट इज युवर नेम?’ काय विचारायचं! त्या पदर तोंडाला लावून नुसत्या हसल्या. ऊसवाले आबा सरळ म्हणाले, "सर, तुम्हीच शिकवा. आम्ही एकमेकांचं चुकीचं ऐकून काय शिकणार?"

शंका रास्त आहे. आमच्या शाळेत शेजाऱ्याशी बोललं की छडी बसायची. शिवाय भावकीतल्या माणसापुढं चुकलं की ते पारावर पोचतंच.

पण हिशेब मांडला तर पटतं. वीस जण एकेक करून सरांशी बोलले, तर तासाभरात वाट्याला तीन मिनिटं, जोडीत तीस. १९७०च्या दशकात युरोपात पुढं आलेल्या, भाषा शिकवण्याच्या संवादी पद्धतीनं म्हणूनच विद्यार्थ्याच्या बोलण्यावर भर दिला. आमच्या वर्गातही ते दिसलं : वालचंदनगरला कामाला जाणारा पोरगा आबांना इंग्रजीत पाण्याची पाळी विचारत होता, तेव्हा आबा खुलले.

माझं म्हणणं एवढंच : जोड्या लावा, पण सासू-सून आणि भाऊबंद सुरुवातीला वेगळे बसवा, आणि शेवटची दहा मिनिटं चुका दुरुस्त करायला सरांनी राखून ठेवावीत.