अप्पांच्या बांधावरून

शहरावरून जाणारं वादळ शहरात उभं राहून दिसत नाही. क्रांती चौकातल्या माणसाला धूळ, वाकलेली झाडं आणि काळवंडलेलं आभाळ, एवढंच कळतं. वळवाच्या ढगाची उंची बारा-पंधरा किलोमीटर. तो अख्खा फोटोत घ्यायचा तर पुष्कळ लांब जावं लागतं. शहराच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवरचं बिडकीन हे ते अंतर. तिथल्या एका शेतकऱ्यानं मला ढग बघायला शिकवलं. सगळे त्यांना अप्पा म्हणत. मीही म्हणू लागलो.

मे महिन्यातली संध्याकाळ. पैठण रस्त्याच्या कडेला लिंबाखाली मी ट्रायपॉड लावला होता. अप्पा वावरातून ओरडतच आले, "उठा तिथून! ईज झाडावर उतरती. गाडी बांधाला लावा, अन ढग जवळ आला की आत बसा."

सातारा डोंगराच्या मागं शहर. ढग दौलताबादच्या अंगानं चढला, त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट होत चिकलठाण्याकडं पसरला. अंधार पडल्यावर मी आयएसओ १००, अ‍ॅपर्चर आठ आणि वीस सेकंदांचं शटर लावून विजेमागं धावू लागलो. अप्पा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "ईज काय, दिसंलच. तू ढगाचं बूड बघ. पाऊस कुठं उतरलाय ते बघ."

मी कॅमेरा खाली झुकवला. पावसाचा खांब शहराच्या दिव्यांवरून सरकत होता; एकेक भाग त्यामागं जात होता आणि पुन्हा उजळत होता. वादळ चालतं म्हणजे काय, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मग तोंडावर एकदम गार वारं आलं. "वारं फिरलं. आवर," अप्पा उठले. ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवरून पसरत जाते आणि तिच्या कडेला नवा ढग उभा राहू शकतो, हे मी पुढं वाचलं. अप्पांना ते कुणी शिकवलं नव्हतं. तासाभरात बिडकीनवर गारा पडल्या.

सकाळी त्यांनी मला मोसंबीच्या बागेत नेलं. लिंबाएवढी हिरवी फळं खाली पसरली होती, वरच्या फळांना गारांचा मार. "रातच्याला ईज काढली, आता हे काढ. पंचनाम्याला लागंल." त्या फोटोंचे मी पैसे घेतले नाहीत, आणि ढग दाखवल्याबद्दल त्यांनीही काही मागितलं नाही. हिशेब तेवढ्यानं फिटला, असं मात्र मला कधीच वाटलं नाही.

पुढं दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी ते वावर गेलं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रार्पण झालेल्या ७,८५५ एकरांच्या औद्योगिक क्षेत्रात अप्पांचा बांध नेमका कुठं होता, हे आता मलाही चटकन दाखवता येत नाही. अप्पा गावात राहतात. माझ्या फोनवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आहे, ते चाळीस किलोमीटरपर्यंतच्या विजेचा इशारा देतं. तरी आभाळ भरलं की मी आधी अप्पांना फोन लावतो. यंदा त्यांनी मला बिडकीनला येऊच दिलं नाही. "पैठणकडून चढतंय, इथं डोक्यावरच येईल. तू पल्याड जा, चौक्याकडं." मी शहराच्या उत्तरेला त्या गावाकडं गेलो, आणि शहरावर चालून येणारं वादळ मला तिथून समोरून मिळालं.