काचेतली पाणथळ

नदी कोठे संपते आणि काठ कोठे सुरू होतो, हे नकाशावर एका रेघेने दाखविता येते. प्रत्यक्षात तशी रेघ कोठेच नसते. दोहोंच्या मध्ये एक पट्टा असतो. तो पुरता ओला नसतो, पुरता कोरडाही नसतो. तेथे लव्हाळी माजतात, बेडूक अंडी घालतात, खेकडे बिळे करतात, चतुर घटकाभर टेकतात. अशा जागेला आपण पाणथळ म्हणतो. लॅटिन भाषेत दलदलीला ‘पालुस’ असा शब्द आहे. त्यावरून, काचेच्या पेटीत पाणी आणि जमीन शेजारी शेजारी मांडून केलेल्या लहानशा पाणथळीला पॅलुडेरियम हे नाव मिळाले. नाव तेवढे अवघड, वस्तू सोपी, असे पहिल्यांदा करणाऱ्याला वाटत असते.

पुण्याच्या एका पेठेतील घरात अशी पेटी प्रथमच आकाराला येत होती. करणारी होती आठवीतील एक मुलगी, आणि सल्ल्याला होती तिची आजी. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ४५ उंच. काठोकाठ भरली तर तिच्यात ८१ लिटर पाणी मावेल, म्हणजे पाण्याचेच वजन ८१ किलो होईल. पण पाणी १५ सेंटिमीटरच ठेवायचे होते. म्हणजे २७ लिटर, आणि दगडांनी जागा अडविल्यावर त्याहूनही कमी. हा हिशेब आधीच करावा लागतो. फळीला गणित येत नसले, तरी वजन बरोबर कळते.

दगडांसाठी दूर जाण्याचे कारण नव्हते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जो लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याच्या काळ्या पाषाणावर सारे पुणे वसले आहे. हा दगड पाण्यात विरघळत नाही, म्हणून माशांना मानवतो. मात्र त्याच्या पोकळ्यांत कधीकधी पांढरे स्फटिक असतात, आणि त्यांतील काही चुन्याच्या जातीचे असतात. मुलीने प्रत्येक दगडावर लिंबाचा रस पिळून पाहिला. दोन दगडांवर बारीक फेस आला. ते दोन्ही बाजूला निघाले.

जमीन मात्र तितक्या सुखाने उभी राहिली नाही. दगडांच्या उतरंडीवर घातलेली माती रात्रीतून पाण्यात उतरली आणि सकाळी पेटीत चहासारखे पाणी दिसू लागले. सारे उपसून पुन्हा मांडावे लागले. या वेळी दगडांवर खडी, खडीवर काथ्याचा जाड थर आणि त्यावर माती अशी रचना केली. काथ्याने माती धरून ठेवली. मग वर अळूचा एक लहानसा कंद आला, विहिरीच्या भिंतीत उगवतो तो हंसराज आला, आणि काठाशी ब्राह्मी आली. ब्राह्मी मोठी सोयीची. ती पाण्याबाहेर वाढते तशी पाण्याखालीही तग धरते.

अळू पाहून आजी हसली. “अगं, हे तर आमच्या वाड्याचं मागचं दार झालं!” ती म्हणाली.

तिचे म्हणणे खरे होते. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळाने शहरात आणले गेले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे आजही पुण्याच्या जिभेवर आहेत. वाड्यातून मोरीचे पाणी निघे ते मागील दारी अळूच्या आणि कर्दळीच्या आळ्यात. भांडी घासलेले, तांदूळ धुतलेले ते पाणी तेथे थांबे, मुरे, आणि त्यावर अळूची पाने हत्तीच्या कानासारखी वाढत. घरातील घाण हे आळ्यातील अन्न होते. शास्त्राचे नाव न घेता ही व्यवस्था कित्येक पिढ्या चालली होती.

पेटीतही नेमके हेच घडवून आणायचे असते; फक्त तेथे ते आपोआप होत नाही, त्याची वाट पाहावी लागते. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांचे कल्ले जाळतो. काही सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते वनस्पतींना हवेच असते. १८९० च्या सुमारास विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने या जंतूंचा छडा लावला. नव्या पेटीत ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडायचे नाहीत. चिमूटभर खाद्य पाण्यात कुजू द्यायचे, आणि चाचणीच्या थेंबांनी पाण्याचा रंग पाहत राहायचे.

आईला या रिकाम्या पाण्याची चिंता होती. डेंग्यू पसरविणारा डास गटारापेक्षा घरातील साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठदहा दिवस पुरतात. “एक अळी दिसली, की पेटी रिकामी,” असे तिने सांगून ठेवले होते; आणि त्यात तिचे काही चुकत नव्हते. मुलीने पाण्यावर मलमलीचे कापड ताणून बांधले व रोज सकाळी विजेरीने पाणी पाहण्याचा नेम धरला.

चौथ्या आठवड्यात कापडाचा एक कोपरा सैल झाला, आणि काही दिवसांनी विजेरीच्या प्रकाशात तीन अळ्या वळवळताना दिसल्या.

आता मासे सोडावे, तर त्यांनी अळ्या चटकन खाल्ल्या असत्या. पण चाचणीत नायट्राइटचा जांभळा रंग अजून गडद होता. पेटी रिकामी करावी, तर महिन्याची तपश्चर्या वाया जाणार, असे वाटत होते. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिला आठवले, की हे जंतू मुख्यतः पाण्यात तरंगत नसतात. ते दगडांना, खडीला, पंपाच्या स्पंजाला चिकटून राहतात. आईचा शब्दही राखता येत होता आणि जंतूही. तिने नळाचे पाणी एक दिवस बादलीत झाकून ठेवले, क्लोरीन उडून जावा म्हणून. दुसऱ्या दिवशी पेटीतील सारे पाणी काढून उन्हात तापलेल्या कोरड्या फरशीवर ओतले. अळ्या तेथेच संपल्या. दगड सुकायच्या आत नवे पाणी भरले आणि कापड चारही बाजूंनी दोरीने आवळले. आईने दोरीची गाठ स्वतः ओढून पाहिली.

सहावा आठवडा संपताना दोन्ही विषांचे रंग नाहीसे झाले. मग पाच गप्पी मासे आले. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेचे. डासांच्या अळ्या खातात म्हणून ते आपल्याकडे ठिकठिकाणी सोडले गेले. त्यांची प्रजा झपाट्याने वाढते. पुढे पेटीत दाटी झाली तर जास्तीचे मासे मुठेत सोडता येतील, असे मुलीच्या धाकट्या भावाने सुचविले. परंतु नदीत अगोदरच असलेल्या माशांचे अन्न आणि जागा हे पाहुणे बळकावतात, म्हणून तो विचार तेथेच सोडून देण्यात आला. माद्या वेगळ्या ठेवण्यासाठी एक लहान बरणी मात्र धुऊन तयार झाली.

अळूचे तिसरे पान उलगडले आहे. त्याची मुळे खडीतून उतरून पाण्यात लोंबू लागली आहेत. भल्या पहाटे पाहिले, तर पानाच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब जमलेला असतो. मुळांनी रात्रभर ओढलेले पाणी पान असे बाहेर टाकते. थेंब जड होतो आणि खाली पडतो, आणि खाद्य आले असे समजून पाचही गप्पी तिकडे धाव घेतात.