स्थळ पाहून यावे

लग्नाचे स्थळ पाहावयास निघालेल्या मंडळींना आमच्या घरातील वडीलधारी माणसे एक सूचना आवर्जून देत असत : शक्य तो न कळवता जा. कळवून गेले की ओसरी सारवलेली असते, माणसे धुतलेल्या कपड्यांत असतात आणि घराचे खरे रूप माजघराच्या दाराआड राहते. येत्या जानेवारीत मी ज्या स्थळाची पाहणी करणार आहे, ते एक शहर आहे, लिस्बन. आणि त्या शहराला माझ्या येण्याचे काडीचेही सोयरसुतक नसल्यामुळे, न कळवता जाण्याची अट आपोआपच पाळली जाणार आहे.

माझ्या वडिलांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा, फोंडे महालातला. त्या दिवसापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना लिस्बनच्या मध्यवर्ती निबंधक कार्यालयात आपल्या जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळविता येते, हे आता गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पूर्वी त्या पारपत्राचा खरा उपयोग इंग्लंडात जाण्यासाठी होई. स्विंडनसारख्या गावी गोमंतकीयांची वस्ती वाढली ती त्यातूनच. ३१ डिसेंबर २०२० नंतर ते दार नवागतांना बंद झाले. तेव्हा आज जो जाऊ म्हणतो, त्याने खुद्द पोर्तुगालात राहता येईल काय, याचाच विचार आधी करावा हे बरे. मला का जावेसे वाटते? मुलांचे शिक्षण हे सांगण्याजोगे कारण आहे. चाळिशी उलटल्यावर माणसाला जी एक हुरहूर लागते, ते न सांगण्याजोगे.

वकिलीत मी पाहिले ते असे की, लोक पारपत्र आधी घेतात आणि देश मागाहून पाहतात. हा क्रम उलटा आहे, आणि घातकही आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे ९ वे कलम स्पष्ट आहे : स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले की भारताचे संपले. माझा एक पक्षकार असाच गेला. सात महिन्यांत थंडीला, एकटेपणाला आणि गोदामातील रात्रपाळीला कंटाळून परतला, तेव्हा आजोबांनी बांधलेल्या घरात तो कायद्याने परकीय ठरला होता. माझ्या कार्यालयात बसून त्याने विचारलेला प्रश्न मी विसरू शकत नाही : “वकीलसाहेब, माझ्याच घरात राहायला मला परवाना लागतो?” लागतो, असेच उत्तर मला द्यावे लागले. म्हणून मी जन्मनोंदणीचा अर्ज बाजूला ठेवला असून भारतीय पारपत्रावर, साध्या प्रवासी व्हिसावर जाणार आहे. त्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते. मला २१ पुरेत.

जानेवारीच का, असे पत्नीने विचारले. ऑगस्टात लिस्बन म्हणजे ऊन, तेजो नदीचे चमकते पात्र आणि प्रवाशांची झुंबड. सांगून गेल्यावर दिसणारे घर ते हेच. हिवाळ्यात मात्र तेथे पाऊस असतो. थंडी हिमाची नसते. पण कित्येक जुन्या घरांत ऊब देणारी यंत्रणाच नसते, आणि ओल भिंतींतून अंगात येते. आपण पावसाळ्याची माणसे म्हणून मिरवतो खरे. पण आपला पाऊस उबदार असतो, हे लक्षात घेत नाही. त्या ओलीत मला तीन आठवडे झोपून पाहावयाचे आहे.

मुक्कामही शहराच्या शोभिवंत भागात करणार नाही. ओदिव्हेलास किंवा आमादोरा या उपनगरांत, जेथे नोकरदार माणसे राहतात, तेथे खोली घ्यावी. सकाळी त्यांच्याबरोबर गाडीत उभे राहून शहरात जावे. संध्याकाळी मार्तिम मोनिझच्या बाजूला डाळ-तांदूळ काय भावाने मिळतात ते पाहावे. भाड्याने घर घेण्यास आधी करक्रमांक लागतो, शिवाय घरमालक जामीनदार किंवा काही महिन्यांचे आगाऊ भाडे मागतात, असे ऐकतो. प्रत्यक्ष दोन-चार घरमालकांना भेटल्यावाचून त्यावर विश्वास ठेवणार नाही. एक सबंध सकाळ एखाद्या सरकारी शाळेच्या फाटकापाशी उभे राहण्यात घालवावयाची आहे. सारे शिक्षण पोर्तुगीजमधून. माझी दहा वर्षांची मुलगी तेथे पहिले सहा महिने मुकी होईल, हे मी धरून चाललो आहे.

भाषेचा विषय निघाला म्हणून सांगतो. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेशी गोव्यातील वकिलाचा संबंध अद्याप सुटलेला नाही. तिच्यातील कलमे मी मुळातून वाचू शकतो. पण पाव मागण्याइतकी पोर्तुगीज मला येत नाही! आणि माझी सनद तेथे आपोआप चालत नाही. चाळिशीनंतर पुन्हा उमेदवारी करावयाची तयारी आहे काय, हा प्रश्न लिस्बनला जाऊन सुटणार नाही, हेही कळते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २६ व्या आदेशातील ९ व्या नियमाने न्यायालय जागेच्या तपासणीसाठी कमिशनर नेमते. त्याने जागेवर जावे, मोजावे आणि अहवाल द्यावा. निवाडा त्याचा नव्हे. तसा अहवाल मी घरी आणणार आहे. निवाडा आम्ही चौघांनी आणि आईने मिळून करावयाचा.

आईला हे सांगताना मी कचरत होतो. लुमियार भागात राधाकृष्णाचे मोठे मंदिर आहे, मोझांबिकच्या १९७५ च्या स्वातंत्र्यानंतर तेथून आलेल्या गुजराती कुटुंबांचा त्यात मोठा वाटा आहे, वगैरे मी घाईने सांगून टाकले. तिने ते ऐकून घेतले. मग १५६० मध्ये मंगेशाला कुशस्थळीहून नदीपार प्रियोळला आणले, ती लहानपणी शेकडो वेळा सांगितलेली कथा तिने पुन्हा काढली. मला वाटले, आता देशांतराचे दुःख ऐकावे लागणार. ती मात्र म्हणाली, “देवाक हाडचे पयलीं कोणेंतरी सुवात पळयली आसतली.”

इतकी वर्षे ती कथा ऐकून हा माणूस माझ्या कधी ध्यानात आला नव्हता. रातोरात देव हलविणारे सर्वांना आठवतात. त्याच्याआधी पोर्तुगिजांच्या मुलखातून आदिलशाही मुलखात जाऊन, पाणी कोठे आहे, जमीन कोण देईल, हे पाहून परत आलेला कोणी असलाच पाहिजे. त्याचे नाव आपल्याजवळ नाही.

परवा गावच्या देवळात प्रसाद लावला. पुजाऱ्याने प्रश्न विचारला, तेव्हा वकिली सवयीने मी मुद्दा नेमका मांडला : पाहून यावे की नाही? जावे की नाही, हे विचारले नाही. उजवीकडची पाकळी पडली. परतताना आईने एवढेच बजावले की, माघी पौर्णिमेला मंगेशीची जत्रा आहे, त्याआधी घरी ये. परतीचे तिकीट त्या बेताने काढले आहे.