वाटणी

आमच्या गावच्या घराची वाटणी झाली तेव्हा माजघराच्या मधोमध भिंत आली. पुढे चुलते मुंबईला गेले, त्यांच्या बाजूला कुलूप लागले, आणि आम्ही सात माणसे दोन खोल्यांत दाटीवाटीने झोपू लागलो. रात्री भिंतीपलीकडे उंदीर मोकळेपणाने धावताना ऐकू येत. त्या उंदरांचा मला फार हेवा वाटे. गंमत अशी की, ज्या दिवशी वाटणी झाली त्या दिवशी ती अगदी न्यायाची होती.

पुढे कधीतरी अशीच एक वाटणी माझ्या संमतीने होईल, आणि तीही संगणकाच्या पोटात, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. मी शिकवतो मराठी. पण 2016 साली आमच्या विभागाने जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे जमवायचे ठरवले आणि त्यासाठी एक सर्व्हर आला. त्यावर लिनक्स, म्हणजे युनिक्सच्या वळणावर घडलेली प्रणाली, बसवायला एक तरुण आला. डिस्क होती 500 जीबीची. यंत्राने आपण होऊनच वाटणी सुचवली : 50 जीबी ‘रूट’ला, थोडी ‘स्वॅप’ला आणि उरलेली चारशेंवर जीबी ‘होम’ला.

“सर, असंच ठेवू ना?” त्याने विचारले.

‘होम’ हा शब्द मी वाचला. घराला ऐसपैस जागा हवीच! हातातला चहाचा कप खालीही न ठेवता मी म्हणालो, “ठेवा.”

दोन वर्षे काही बिघडले नाही. विद्यार्थी ओव्या आणीत, यंत्रावर चढवीत. त्या सगळ्या ‘व्हार’ नावाच्या कप्प्यात जात, आणि तो कप्पा होता रूटच्या 50 जीबींत. हे मला ठाऊक नव्हते. विचारायचेही सुचले नव्हते.

2018 च्या हिवाळ्यात आमची एक विद्यार्थिनी तिच्या आजोळच्या गावाहून आली. तिथल्या एका वृद्ध बाईंनी तिच्यासाठी अंगणातले जाते झाडून पुसून घेतले होते, पसाभर ज्वारी घातली होती आणि चाळीस मिनिटे ओव्या म्हटल्या होत्या. मुलीने ते सारे यंत्रावर चढवले. यादीत फाइलचे नाव दिसले. तिच्या फोनमध्येही जागा उरली नव्हती, म्हणून तिने तिथले मूळ पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी ऐकायला बसलो, तर फाइलचे नाव होते आणि आकार होता शून्य. डिस्क भरली की असे होते. दारावर पाटी लागते, आत माणूस नसतो.

मी त्या तरुणाला बोलावून बरेच बोललो. त्याने शांतपणे पडद्यावर आकडे दाखवले. रूट शंभर टक्के भरलेला. होममध्ये चारशेंवर जीबी मोकळी, आणि वस्तीला काय? माझ्या नावाची एक रिकामी खोली!

“मग त्यातली थोडी इकडे द्या,” मी म्हणालो.

“होम लहान करता येत नाही, सर. यावर एक्सएफएस आहे. ते वाढतं, आकसत नाही. होम पूर्ण मोडून पुन्हा बांधावं लागेल.”

भिंतीच नको होत्या, असे मी रागाने म्हटले. त्यावर त्याने मला जे सांगितले ते मी विसरलो नाही. भिंत सोयीसाठीही असते. एखादा कार्यक्रम बिघडून नोंदी ओकत सुटला, तर त्याचाच कप्पा भरावा, साऱ्या घराला त्याने बुडवू नये. जुन्या युनिक्स वर्कस्टेशनवर डिस्कचे ‘ए’पासून ‘एच’पर्यंत आठ भाग पाडीत. माप चुकले की सगळे टेपवर उतरवायचे, भाग नव्याने आखायचे आणि पुन्हा सगळे भरायचे. अगदी आरंभी, 1970 नंतरच्या काळात, बेल लॅब्जमध्ये प्रणाली पहिल्या डिस्कवर मावेना म्हणून ती दुसऱ्या डिस्कवर, वापरकर्त्यांच्या ‘यूएसआर’ विभागात पसरली. वापरकर्ते तिथून केव्हाच हलले. पाटी अजून तीच आहे. पुढे लोकांनी अक्कल वापरली. 1990 साली एआयएक्समध्ये वाढवता येणारे कप्पे आले, 2005 साली झेडएफएसने सगळ्या डिस्कांचा एकच सामायिक साठा केला आणि ज्याला लागेल त्याने त्यातून घ्यावे, अशी सोय केली.

“पण सर,” तो संकोचून म्हणाला, “आपण तेव्हा पाच मिनिटांत ठरवलं.”

‘आपण’ हा त्याचा सभ्यपणा होता. ठरवले मी होते. ओव्या कुठे साठतील, किती साठतील, यांतले काहीच ठाऊक नसताना ठरवले होते. वाटणीचा दिवस हा नेमका आपण सर्वांत अडाणी असण्याचा दिवस असतो.

त्या संध्याकाळी त्याने होम मोडले, लहान बांधले आणि रूट वाढवला. पण निम्मी डिस्क मी कुणाच्याच नावावर करू दिली नाही. “लागेल तेव्हा, लागेल त्याला देऊ,” म्हणालो. त्याने मान डोलावली. हे त्याला आधीच ठाऊक होते. मी विचारले नव्हते, एवढेच. आता नवे मुद्रण दोन ठिकाणी उतरल्यावाचून आणि एकदा ऐकल्यावाचून मूळ पुसायचे नाही, असाही नियम आहे.

मुलीला मात्र मी पहिल्या दिवशी “यंत्राचा दोष” असे सांगितले होते. ते खोडायला मला आठवडा लागला. मग तिच्याबरोबर मीही त्या गावी गेलो. बाईंनी पुन्हा जाते मांडले, पुन्हा गायल्या. मुलीने हळूच विचारले, “आजी, मागच्या वेळी तुमच्या भावावरची होती, ती म्हणा ना.”

बाईंनी खुंटा थांबवला. थोडा वेळ आठवून पाहिले.

“ते दळण सरलं की गं पोरी,” त्या म्हणाल्या, आणि नवी मूठ घातली.