टाकी पस्तीस लिटरची

परवा मेसमध्ये कॅम्पर व्हॅनचा विषय निघाला. एक पार्टनर ऐटीत म्हणाला, टाकी मोठी की गाडी लांब जाते. मला दवनीवाड्याची आमची ओम्नी आठवली. (कंपनीने ती २०१९ मध्ये बंद केली, बाबांनी नाही.) टाकी सुमारे ३५ लिटरची. लिटरला १४ किलोमीटर धरा, झाले ४९०! कागदावर नागपूरला जाऊन परत येता येतं.

पण ती टाकी फुल झालेली मी कधी पाहिली नाही. "गोंदियालेच तं जायचं हाय, दोनशेचं टाक." दोनशेत दोन लिटरही येत नाही.

एका रात्री आजीला दम लागला. मागे गादी टाकली, आम्ही पाच जण बसलो. काटा लाल रेघेवर. वजन वाढलं की ॲव्हरेज पडतं, अन् तळाचं पेट्रोल इंजिनपर्यंत पोचतंच असं नाही. फर्स्ट इयरलाच शिकलो होतो. बोललो मात्र नाही. गोंदियाच्या अलीकडे गाडी झटके देऊन थांबली. बाबांनी एका मोटारसायकलवाल्याला हात केला. त्याने नळी काढून बाटलीभर पेट्रोल दिलं, पैसे घेतले नाहीत.

आजी वाचली. बाबा आता पाचशेचं टाकतात. सुट्टीत गेलो की मी आधी काटा बघतो, अन् आजी मागून विचारते, "कितीक हाय रे?"