सैन्याच्या जवळ, पण किती?

पत्रकारितेत नाव काढायचे तर दिल्ली गाठावी, असे नव्या मुलांना हमखास सांगितले जाते. नितीन गोखले यांनी नेमकी उलटी वाट धरली. १९८३ मध्ये त्यांनी या व्यवसायात पाऊल टाकले आणि मुक्काम ठोकला तो ईशान्य भारतात. एकदोन नव्हे, तब्बल २३ वर्षे!

त्या वेळचा आसाम धुमसत होता. १९८३ च्या फेब्रुवारीत नेल्लीचे हत्याकांड झाले. १९८५ मध्ये करार झाला, तरी शांतता आली नाही. १९९० च्या नोव्हेंबरात उल्फाविरुद्ध लष्कर उतरवावे लागले. आपण सकाळी ज्या चहाचा घोट घेतो, त्याच्या मळ्यांकडे तेव्हा खंडणीची मागणी येत असे. पैसे द्यावेत तर अतिरेक्यांना पोसल्याचा ठपका, न द्यावेत तर जिवाला धोका. चहाच्या धंद्यातल्या १९८७ ते १९९७ या वादळी काळावर गोखले यांनी ‘द हॉट ब्रू’ हे पुस्तक लिहिले. दिल्लीत बसून ते लिहिता आले नसते.

पुढे १९९९ मध्ये त्यांनी कारगिलच्या युद्धाचे वार्तांकन केले. २००६ मध्ये एनडीटीव्हीत आल्यावर दिल्ली अखेर त्यांच्या वाट्याला आली.

युद्धाची बातमी देणाऱ्याची खरी कसोटी मात्र वेगळीच असते. लष्कराने नेल्याशिवाय आघाडी दिसत नाही आणि लष्कर जे दाखवते, तेवढेच दिसण्याची भीती असते. २००९ मध्ये श्रीलंकेत हेच झाले. तिथल्या सरकारने पत्रकारांना रणभूमीपासून दूरच ठेवले होते. त्या युद्धाचे वार्तांकन करून गोखले यांनी त्याच वर्षी पुस्तकही लिहिले. पण त्या अखेरच्या महिन्यांत ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने सांगितले ते २०११ मध्ये. ताज्या बातमीला किती गोष्टी दिसत नाहीत, ते यावरून कळते.

सियाचीनवरचे त्यांचे २०१४ चे पुस्तक ज्या ‘एनजे ९८४२’ बिंदूच्या नावाने आहे, तिथे नकाशावरची नियंत्रण रेषा संपते. पुढे नुसता बर्फ. १९८४ च्या एप्रिलपासून आपले जवान तिथे पहारा देत आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगेसारख्या गावात, जिथे घरोघरी सैनिक, तिथल्या आईला आपला मुलगा कुठे उभा आहे हे कळायला नको का?

वाहिनीची नोकरी सोडून २०१५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी संरक्षणविषयक ‘भारतशक्ती’ हे संकेतस्थळ सुरू केले. २०१७ मध्ये मोदी सरकारच्या सुरक्षा धोरणावर पुस्तक आले, २०२० मध्ये मनोहर पर्रीकरांवर. या पुस्तकांत सत्तेशी जवळीक दिसते, असे कुणाला वाटले तर ते गैर म्हणता येणार नाही. पण ती जवळीक नसती तर आतल्या कितीतरी गोष्टी बाहेर आल्याच नसत्या, हेही तितकेच खरे.

लष्कराच्या संस्थांत ते व्याख्याने देतात. पत्रकारांशी कसे बोलावे, याचे धडेही अधिकाऱ्यांना देतात. एकेकाळी याच अधिकाऱ्यांकडून बातमी काढायला त्यांना किती खटपट करावी लागली असेल!